प्रदर्शनाच्या स्टॉलवर विणलेलं काय काय ठेवावं? (मराठवाड्यातल्या गिऱ्हाईकाचा विचार करून सांगा)

सेलूची_सून

नमस्कार मंडळी. आमच्या बचतगटाला या थंडीत परभणीत दोनदा स्टॉल मिळणार आहे. एक डिसेंबरच्या शेवटी आणि दुसरा संक्रांतीच्या तोंडावर. गटातल्या बाकीच्या बायका पापड, चटण्या, कुरडया ठेवणार आहेत. विणकामाचं टेबल आम्हा घरच्या तिघींकडे आलंय. सासूबाई दोन सुयांवर विणतात, त्यांचा हात इतका सारखा आहे की उलटी बाजू कुठली हे शोधावं लागतं. जाऊ क्रोशाचं करते. मला दोन्ही जमतं, पण वेग बेताचा.

आता घरात रोज चर्चा चालू आहे. सासूबाई म्हणतात थंडी आहे, स्वेटर ठेवा. जाऊ मोबाईलवर बघून बाहुल्या करायला बसलीय. मला वाटतं पर्स आणि बटवे चालतील. पैसे मोजकेच आहेत, तिघींच्या तीन दिशांना लोकर घेणं परवडणार नाही. ज्यांनी स्टॉल लावलेत त्यांनी मनापासून सांगा: काय विकलं जातं, काय परत घरी येतं, आणि ठरवायचं कसं?

लातूरची_क्रोशावेडी

अभिनंदन ताई! हेअरक्लिप, रबरबँड, कीचेन नक्की ठेवा. कॉलेजच्या मुली त्यासाठीच थांबतात. सूर्यफूल आणि ट्युलिप तर हमखास जातं.

गोदाकाठ_नांदेड

सेलूच्या सूनबाई, तुमच्या प्रश्नातच अर्धं उत्तर आहे. सासूबाई “थंडी आहे म्हणून स्वेटर” म्हणतायत. पण आपल्याकडची थंडी किती दिवसांची? दिवाळी सरते, कार्तिकात जरा गार वाटतं, मार्गशीर्ष-पौषात खरी बोचते आणि रथसप्तमी झाली की पंखे सुरू. परभणीत पारा पाच-सहा अंशांपर्यंत उतरतो हे खरं, पण ते मोजकेच दिवस. तेवढ्यासाठी माणूस जास्तीत जास्त एक स्वेटर घेतो आणि तो चार वर्षं वापरतो. तोही कुठून घेतो? रस्त्याकडेला थंडीत तिबेटी, नेपाळी लोकांची स्वेटरची दुकानं लागतात तिथून. तो माल मशीनवर निघालेला असतो, त्याचा भाव आपल्या नुसत्या लोकरीच्या भावाला येऊन टेकतो.

दोन सुयांचं विणकाम मशीन करतं, क्रोशाचं करता येत नाही. बाजारात जे खरं क्रोशाचं दिसतं ते कुणीतरी हातानेच केलेलं असतं. म्हणून मोठ्या माणसांचे स्वेटर, मफलर, शाली यांत मशीनशी झुंजू नका. सासूबाईंचा हात इतका चांगला आहे तर तो लहान बाळांच्या वस्तूंवर लावा. बाळासाठी घेताना आजी हात लावून, उलटं करून, नाकाला लावून बघते. तिला मशीनचा माल नको असतो. तिथे सासूबाईंच्या सारख्या टाक्यांची किंमत मिळेल.

दुसरं म्हणजे हवामान बघण्याआधी पंचांग बघा. आपल्याकडे हाताने केलेली वस्तू लोक गारठ्यासाठी कमी घेतात, कार्यासाठी जास्त. संक्रांतीचं वाण, बोरन्हाण, बाळंतविडा, लग्नातलं रुखवत, पोळा, महालक्ष्म्या. यातली प्रत्येक वेळ दरवर्षी येते, ती कधी येणार हे आधी माहीत असतं आणि त्या वेळी माणूस घासाघीस थोडी कमी करतो. तुमचा दुसरा स्टॉल संक्रांतीच्या तोंडावर आहे, म्हणजे पाहा, वाणाची गिऱ्हाईकं समोरून चालत येणार.

वाणाला घेणारी बाई एक वस्तू घेत नाही, ती पंचवीस-तीस घेते. तिला वीस ते चाळीस रुपयांतलं, पिशवीत मावणारं, सगळ्या एकसारखं दिसणारं आणि घरात उपयोगी पडणारं लागतं. छोटा बटवा, किल्लीचा गोंडा, तांब्या-पेल्यावर झाकायचा मणी लावलेला जाळीचा रुमाल. हा रुमाल तर मला सगळ्यात आवडतो. कडेला काचेचे मणी ओवलेले असले की त्यांच्या वजनाने तो भांड्यावर बसतो, वाऱ्याने उडत नाही. दुधाच्या पातेल्याला, उन्हाळ्यात माठावरच्या तांब्याला, सगळीकडे चालतो.

सेलूची_सून

मावशी, हे डोक्यातच आलं नव्हतं. वाणाचं लगेच सासूबाईंना सांगितलं, त्या म्हणायल्या “आमच्या वेळी आम्ही हेच तर लुटायचो.” एक विचारते, रुमाल सगळे एकसारखेच ठेवायचे का? रंगही?

गोदाकाठ_नांदेड

नमुना एकच, रंग तीन-चार. वाण लुटताना कुणाला चांगलं गेलं, कुणाला वाईट, असं वाटायला नको, म्हणून नमुना तोच ठेवायचा. रंग वेगळे असले की घेणारीलाही आवडतं. आणि वाणाचा माल आधीच डझनावारी बांधून ठेवा. मोजत बसलात तर गर्दीत दुसरं गिऱ्हाईक निघून जातं.

अंबाजोगाईची_आत्या

बाळाच्या वस्तूंबद्दल मी सांगते, माझं सगळं विणकाम त्यातच गेलं.

कुंची, टोपडं, पायमोजे, हातमोजे आणि छोटं झबलं-स्वेटर असा संच करा, सुटंही ठेवा. बारशाला येणारा माणूस हजाराचं बजेट घेऊन येत नाही. दोनशे-अडीचशेत टोपडं आणि मोजे असा जोड मिळाला की तो समाधानाने घेऊन जातो. घरची आत्या किंवा मामी मात्र पूर्ण संच मागते. म्हणून दोन्ही दिसायला हवेत.

मापं पाठ करून ठेवा. नवजात बाळाचं डोकं साधारण 34-35 सेंटीमीटर असतं, सहा महिन्यांचं 43 च्या आसपास आणि वर्षाचं 46. टोपडं डोक्यापेक्षा दोन-तीन सेंटीमीटर आखूड विणायचं, ते ताणून नीट बसतं. पायमोज्याचा तळवा नवजाताला नऊ सेंटीमीटर पुरे. आणि खरं सांगायचं तर नवजाताचं माप कमीच करा. बाळ महिन्या-दीड महिन्यात त्यातून बाहेर येतं, हे आज्यांना माहीत असतं. तीन ते सहा महिन्यांचं माप सगळ्यात जास्त जातं, कारण कुणालाही देता येतं.

लोकर घेताना हातावर घासून बघू नका, मानेवर किंवा गालावर फिरवा. तिथे टोचली तर बाळालाही टोचणार. बाळासाठी बारीक, मऊ ॲक्रिलिक चालतं, ती रोज धुता येते, आटत नाही. पण आपल्या हवेत फेब्रुवारीनंतर जन्मणाऱ्या बाळांना लोकर नकोच. त्यांच्यासाठी सुती दोऱ्याचं विणा. आपण कापूस पिकवणारी माणसं, सुताचं महत्त्व गिऱ्हाइकाला वेगळं सांगावं लागत नाही. सुती टोपडं आणि सुती झबलं उन्हाळ्यातही मागतात.

आता जपायचं कशाला ते सांगते. मोज्यांच्या आतून एकही सुटं टोक राहू देऊ नका. आतला सैल धागा बाळाच्या बोटाभोवती गुंडाळला तर बोट सुजतं, आणि बाळ का रडतंय हे घरच्यांना कळतही नाही. जाळीचा नमुना हातमोज्याला कधीच घेऊ नका, बोटं अडकतात. बटण लावण्यापेक्षा विणलेली नाडी लावा, तीही गळ्याभोवती लांब नको. विकताना हे बोलून दाखवा. मोजा उलटा करून आतली बाजू दाखवली की आजीचा तिथेच विश्वास बसतो.

आणि बोरन्हाणासाठी काळी कुंची, काळं झबलं, काळ्या फ्रॉकला पांढरी किनार. एरवी बाळाला काळं कुणी घेत नाही, संक्रांतीला मात्र तेच शोधत फिरतात. वर हलव्याचे दागिने घातले की काळ्यावर उठून दिसतात. माप एक ते तीन वर्षांचं ठेवा. हा माल रथसप्तमीनंतर पडून राहतो, म्हणून थोडाच करा आणि बाकीच्या ऑर्डरी घ्या.

जालना_लोकर

सगळे वस्तू सांगायलेत, मी हिशोब सांगतो. आमच्या घरी बायको विणते, वही मी ठेवतो.

वस्तू निवडताना “कितीला विकली” हे बघू नका, “तासाला किती उरले” हे बघा. समजा शंभर ग्रॅम लोकर शंभर रुपयांना पडली. मोठ्या माणसाच्या स्वेटरला चारशे ग्रॅम लागते, म्हणजे चारशे रुपये. हाताने विणायला पस्तीस तास धरा. नऊशेला विकला तर उरले पाचशे, तासाला चौदा रुपये. आता बाळाची टोपी घ्या. पस्तीस ग्रॅम लोकर, दोन तास, दीडशेला गेली. उरले एकशे पंधरा, म्हणजे तासाला सत्तावन्नच्या आसपास. स्वेटरची रक्कम मोठी दिसते, म्हणून माणूस फसतो.

यात स्टॉलचं भाडं, जाण्यायेण्याचं, दुपारचं जेवण, पिशव्या, लेबलं धरलेली नाहीत. ते सगळं एकत्र करून जेवढ्या वस्तू विकल्या जातील असं वाटतं तेवढ्यांवर वाटा. बचतगटाला स्टॉल फुकट मिळाला तरी हा खर्च लिहा. पुढच्या वेळी भाडं भरायची पाळी आली की तेच आकडे कामी येतात.

सेलूच्या ताईंनी आजपासून एवढंच करावं: प्रत्येक वस्तू विणायला बसताना आणि उठताना वेळ लिहायची. तिघींचा वेग वेगळा आहे, त्यामुळे कोणती वस्तू कुणी करायची हेही त्यातून ठरेल.

लातूरची_क्रोशावेडी

दादा, पण तासाचा भाव लावला तर कीचेनसुद्धा कुणी घेणार नाही. लोक म्हणतात “एवढ्याशा गोंड्याला साठ रुपये?”

जालना_लोकर

म्हणतातच. पण जी वस्तू आपल्या भावाला जात नाही ती यादीतून काढायची, भाव पाडायचा नाही. तुम्ही कीचेन वीसला दिलं की शेजारच्या स्टॉलवरच्या बाईचंही वीसला होतं. तासाला चार आणे मिळवून आपण सगळ्याच कामाची किंमत घालवतो. याबाबतीत मी कुणाचंही ऐकणार नाही.

हिंगोलीचा_शेतकरी

मी विणत नाही. आई विणायची. या धाग्यावर कुणी बैलांचं बोललंच नाही म्हणून लिहितो.

मराठवाड्यात लोकरीचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक बैल आहे. पोळ्याला शिंगांना, कपाळाला, गळ्याला लोकरीचे गोंडे लागतात. बाजारात मिळतात ते आता बरेचसे प्लास्टिकच्या दोऱ्याचे, एका पावसात लोळागोळा होतात, आणि पोळा येतो श्रावणी अमावस्येला, म्हणजे पाऊस ठरलेला. आई कपाळावरची पट्टी विणून तिला चार रंगांचे दाट गोंडे लावायची. गोंडा करताना पुठ्ठ्यावर लोकर इतकी भरायची की कापल्यावर मुठीत घट्ट लागायला पाहिजे. विरळ गोंडा दोन तासांत लोंबतो. मधली गाठ लोकरीची नको, सुतळीची किंवा जाड सुती दोऱ्याची पाहिजे, कारण लोकर ताणली जाते आणि बैलाने मान झटकली की गोंडा निसटतो. बांधायची नाडीही सुतीच. आणि पट्टी डोळ्यावर घसरणार नाही एवढी रुंदी आधी मोजून घ्यायची.

बैल कमी झालेत हे मान्य. पण ज्यांच्याकडे आहेत ते सजावटीला मागे बघत नाहीत. ज्यांच्याकडे नाहीत ते मातीच्या बैलजोडीची घरात पूजा करतात, त्या जोडीला छोटे गोंडे आणि बोटभर झूल लागते. ट्रॅक्टरच्या आरशाला गोंडा बांधणारेही पुष्कळ आहेत. नांदेड जिल्ह्यात लोहा तालुक्यात खंडोबाची माळेगावची यात्रा भरते, तिथे घोडे, गाढवं, उंट, बैल सगळं येतं. तिथल्या दुकानांतून एक चक्कर मारा, जनावरांच्या साजाला किती मागणी आहे ते डोळ्यांनी दिसेल. यात्रा मार्गशीर्षाच्या शेवटाला असते, तुमच्या दोन स्टॉलांच्या आसपासच.

अंबाजोगाईची_आत्या

दादा, फार चांगलं लिहिलंत. मुठीत घट्ट लागणारा गोंडा, अगदी खरं आहे.

सेलूची_सून

हे वाचून सासरे आमच्या मध्ये येऊन बसले. त्यांना गोंडे करता येतात म्हणे! म्हणजे आता आम्ही चौघं.

जावेच्या बाहुल्यांचं काय करू? तिने फार मनापासून केल्यात, हत्ती आणि ससे. मोडता घालायला जीव होत नाही.

संभाजीनगर_सुईदोरा

मोडता कशाला घालायचा? शहरात या बाहुल्या चांगल्या जातात. पण दोन गोष्टी बघून घ्या.

पहिली सुरक्षिततेची. तीन वर्षांखालच्या मुलांसाठी प्लास्टिकचे डोळे, मणी, बटणं लावू नयेत. ओढून निघतात आणि थेट तोंडात जातात. डोळे काळ्या दोऱ्याने भरून काढा. टाके इतके घट्ट हवेत की आतला कापूस दिसता कामा नये, म्हणून सुई लोकरीवर लिहिलेल्या मापापेक्षा एक नंबर बारीक घ्या. हातपाय शिवल्यावर जोर लावून ओढून बघा.

दुसरी नियमाची. 1 जानेवारी 2021 पासून देशात खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. चौदा वर्षांखालच्या मुलांनी खेळायची वस्तू म्हणजे खेळणं. हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदणी केलेल्या कारागिरांनी स्वतः बनवून विकलेल्या खेळण्यांना यातून सूट दिलेली आहे. म्हणून जाऊबाईंनी कारागीर ओळखपत्र, ज्याला “पहचान” कार्ड म्हणतात, त्यासाठी अर्ज जरूर करावा. क्रोशा ही मान्य हस्तकला आहे, आंध्रातल्या नरसापूरची क्रोशाची लेस तर त्यासाठीच प्रसिद्ध आहे. हे कार्ड प्रदर्शनात जागा मिळवतानाही उपयोगी पडतं.

आता थोडं मतभेदाचं लिहिते. वर सगळा भर वाण, पोळा, बाळंतविडा यांच्यावर आहे. परभणी, हिंगोलीसाठी तो बरोबर आहे. पण संभाजीनगरात प्रदर्शनाला येणारी निम्मी मंडळी नोकरदार. वेरूळ-अजिंठ्याला आलेले पाहुणेही डोकावतात. त्यांना कार्याची वस्तू नको असते, रोज वापरायची हवी असते. खांद्यावरची सुती पिशवी, चष्म्याचं घर, पाण्याच्या बाटलीची जाळी, कानातले. इथे रंगही वेगळे जातात: मातकट, राखाडी, फिकट हिरवा. लाल-पिवळं-हिरवं तोरण टेबलावर टांगलं की लोक “छान आहे” म्हणतात आणि पुढे जातात.

गोदाकाठ_नांदेड

सुईदोरा, तोरणाबद्दल तुमचं माझं जमणार नाही. लग्नसराईत रुखवतासाठी तोरण, ताटावरचे रुमाल, कलशाखालची चकती यांच्या ऑर्डरी संभाजीनगरातूनच येतात. टेबलावरून लगेच विकत घेत नाहीत, कारण लग्न घरात नसतं. पण फोटो काढून नेतात आणि चार महिन्यांनी फोन करतात. म्हणून तोरण विकायला म्हणून लावायचं नाही, नमुना म्हणून लावायचं. एकच लावा, पण तुमच्या हातचं सगळ्यात देखणं. त्यावर किंमत आणि किती दिवस आधी सांगावं लागेल ते लिहा.

पिशव्यांचं म्हणणं मात्र पटलं. पिशवीचा पट्टा क्रोशाचा केला तर भाजीच्या वजनाने लांबत जातो. आतून कापडी पट्टी शिवायची किंवा पट्टा आडवा न विणता उभा, मुक्या खांबांचा (आखूड टाक्यांचा), घट्ट विणायचा. आणि अस्तर लावाच. जाळीतून चिल्लर पडते, हे पहिल्याच दिवशी कळतं आणि गिऱ्हाईक परत येत नाही.

संभाजीनगर_सुईदोरा

ऑर्डरीचा मुद्दा मान्य. नमुना म्हणून एक, हे पटलं. पण मग लाल दोऱ्याचा रंग जातो का हे आधी बघून घ्या. ओल्या पांढऱ्या कापडात दोऱ्याची गुंडी दाबून रात्रभर ठेवा. सकाळी कापड गुलाबी झालं तर तो दोरा पांढऱ्याशेजारी अजिबात वापरू नका. रुखवतातला रुमाल पहिल्या धुण्यात खराब झाला तर ती नवरी जन्मभर लक्षात ठेवते.

उदगीरची_लेक

मी नवीन आहे, एक विचारू का? गरम भांडं धरायचे विणलेले चौकोन आणि चहाच्या कपाखालच्या चकत्या करायच्या का? मोबाईलवर तर सगळीकडे त्याच दिसतात.

अंबाजोगाईची_आत्या

बाळा, आपल्या स्वयंपाकघरात सांडशी आहे, पदर आहे, जुनं फडकं आहे. विणलेला चौकोन कोण विकत घेणार? केलेच तर फक्त सुती दोऱ्याचे कर. ॲक्रिलिक लोकर उष्णतेने वितळते, गरम पातेल्याला चिकटते आणि हाताला चटका बसतो. तसा माल कुणाला देऊ नये. कपाखालच्या चकत्या सहाच्या संचात, डबीत घालून, घर भरणीला भेट म्हणून थोड्या जातात. त्यापेक्षा देवघराकडे बघ. देवाच्या पाटावरचं आसन, समईखालची चकती, बाळकृष्णाचे कपडे. बाळकृष्णाच्या मूर्ती ठरावीक मापांच्या असतात, म्हणून शून्य नंबर, एक नंबर असे आकार लिहून ठेवले की बायका आपल्या मूर्तीचं माप सांगून घेतात. वर्षभर खपतं, आणि उरलेल्या लोकरीच्या छोट्या गुंड्या त्यातच संपतात.

सेलूची_सून

आत्या, महालक्ष्म्यांचंही सांगा ना. आमच्याकडे दरवर्षी बसतात.

अंबाजोगाईची_आत्या

तो तर आपला सगळ्यात मोठा हंगाम, पण त्याची तयारी आषाढात संपलेली पाहिजे. भाद्रपदात तीन दिवस घर सजतं. महालक्ष्म्यांच्या पुढे दोन बाळं बसवतात, त्यांना टोप्या, झबली लागतात. नैवेद्याच्या ताटांभोवती महिरप लागते, आणि ताटं मांडणाऱ्या घरात ती चार-पाच तरी लागते. फुलोऱ्यासाठी विणलेली फुलं, वेली. हा माल रोज पाण्यात पडत नाही, घासला जात नाही, त्यामुळे बाई एकदा घेतलेली महिरप वर्षानुवर्षं पेटीत जपते आणि पुढच्या वर्षी नवीन काय आहे ते बघायला पुन्हा येते.

जालना_लोकर

लोकर घेण्याचंही लिहून टाकतो. सुट्या गुंड्या वेगवेगळ्या दिवशी आणू नका. गुंडीच्या कागदावर रंगाच्या क्रमांकासोबत लॉटचा क्रमांक असतो. रंग तोच पण लॉट वेगळा असला तर उन्हात नेल्यावर फरक दिसतो, संचात तर फारच. ज्या वस्तू जास्त करायच्या ठरल्यात तेवढ्याच रंगांत एका लॉटची लोकर एकदम घ्या. पाकिटाने घेतली की भावही कमी लागतो. सेलूच्या ताईंनी सात-आठ रंगांच्या वर जाऊ नये.

हिंगोलीचा_शेतकरी

अजून एक, रब्बीत शेताला लाईट बऱ्याचदा रात्रीची येते. हरभऱ्याला, गव्हाला पाणी द्यायला माणूस रात्री दोनला उठून जातो. त्याला कान झाकणारी, हनुवटीखालून येणारी टोपी लागते. बाजारची स्वस्त मिळते हे खरं, पण ती ढगळ असते, खाली वाकलं की डोळ्यावर येते. आई वडलांच्या डोक्याचं माप घेऊन विणायची ती हलत नव्हती. अशी एक-दोन ठेवून “मापाने करून मिळेल” असं लिहा. गिऱ्हाईक बायकोच असेल, तीच नवऱ्यासाठी घेते.

संभाजीनगर_सुईदोरा

ही टोपी सासूबाईंना करू द्या. दोन सुयांचं, दोन सुलट दोन उलट असं विणलं की ते ताणतं आणि परत बसतं. क्रोशाचं तेवढं ताणत नाही.

मांडणीबद्दल: मैदानातल्या मंडपात धूळ भयंकर असते. पांढरं आणि फिकट प्रत्येक नमुन्याचं एकच उघडं ठेवा, बाकी पारदर्शक पिशवीत. उघडं असलंच पाहिजे, कारण हात लावल्याशिवाय विणलेलं कुणी घेत नाही. टेबल सपाट ठेवू नका, मागे खोकी रचून वर कापड टाका, मागच्या वस्तू उंच दिसल्या पाहिजेत. बाळाची टोपी फुग्यावर किंवा छोट्या गाडग्यावर घाला. सपाट ठेवलेली टोपी कापडाचा तुकडा दिसते. किंमत प्रत्येकावर लिहा, बऱ्याच बायका विचारायला संकोचतात आणि तशाच जातात. आणि जाऊबाईंना तिथे विणत बसवा. हाताने होतंय हे डोळ्यांनी दिसलं की “एवढ्याला?” हा प्रश्न निम्म्याने कमी होतो.

सेलूची_सून

सगळ्यांचं वाचून रात्री आम्ही ठरवलं. डिसेंबरच्या स्टॉलला बाळाचे जोड, सासूबाईंच्या मापाच्या कानटोप्या आणि जावेचे हत्ती-ससे, डोळे दोऱ्याने भरून. संक्रांतीला वाणाचे रुमाल डझनावारी आणि बोरन्हाणाच्या मोजक्या काळ्या कुंच्या. एक तोरण आणि एक महिरप नमुन्याला. गोंडे सासरे आजपासूनच करायला लागलेत, पोळ्यापर्यंत साठवतील. पर्स आता नाही, आधी अस्तर लावायला शिकते. वेळ लिहायची वहीसुद्धा भिंतीला टांगली.

आत्या, महिरप किती मापाची करू? आमच्या घरची ताटं बारा इंची आहेत, पण दुसऱ्याच्या घरी किती असतील कोण जाणे.

अंबाजोगाईची_आत्या

बारा इंची ताटाला आतली बाजू तेरा इंच रुंद धर, म्हणजे अर्ध्या गोलाची लांबी वीस इंचांच्या थोडी वर येते. पण एकसंध कमान करूच नकोस. दीड-दोन इंचांची सुटी पानं आणि फुलं कर, एका संचात चौदा-पंधरा, आणि शेजारी शेजारी मांडायची. ताट लहान असो की मोठं, घेणारी आपल्या मापाने लावून घेते. वर एखादं पान हरवलं तर तेवढंच करून देता येतं.

पानं कडक राहायला साबुदाण्याची पातळ खळ लावून, सपाट फळीवर टाचण्या टोचून सावलीत वाळव. उन्हात वाळवलीस तर कडा वर उचलतात. खळीला झुरळं लागतात, म्हणून विकताना सांग, पेटीत ठेवायच्या आधी साध्या पाण्यातून काढून वाळवायची, पुढच्या वर्षी पुन्हा खळ द्यायची.

उदगीरची_लेक

आत्या, खळीला साबुदाणा किती आणि पाणी किती?

अंबाजोगाईची_आत्या

दोन चमचे साबुदाणा रात्री भिजत घाल, सकाळी मोठ्या वाटीने एक-दीड वाटी पाण्यात पारदर्शक होईपर्यंत शिजव आणि फडक्यातून गाळ. गाळलेलं बोटांना चिकट लागलं पाहिजे पण तार सुटता कामा नये. कोमट असतानाच पान बुडवायचं, पिळायचं नाही, दोन तळव्यांत दाबून जास्तीचं काढायचं. फळीवर आधी प्लास्टिकचा कागद अंथर, नाहीतर पान लाकडाला चिकटून बसेल.